कार-टी उपचार : आधी बाबांना सांगा

इंदूरच्या रामबागेतून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ते लांब असल्यामुळे त्यातील मुख्य मजकूर तेवढा देत आहे.

"माझे बाबा ६३ वर्षांचे आहेत, विद्युत मंडळातून निवृत्त झाले. मागच्या वर्षी त्यांच्या मानेत गाठ आली आणि बायोप्सीत डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, निघाला. इथेच आर-चॉप केमोच्या सहा सायकल झाल्या, पेट स्कॅन स्वच्छ आला, आम्ही पेढेही वाटले. सात महिन्यांनी पोटात पुन्हा गाठी दिसल्या. दुसऱ्या केमोचे तीन डोस झाले, पण गाठी हटल्या नाहीत. आता डॉक्टर म्हणतात, मुंबईला जाऊन कार-टी उपचाराची, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातील पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याच्या उपचाराची, चौकशी करा. त्यात विषाणू वापरतात आणि तो एचआयव्हीच्या जातीचा असतो असे ऐकून आई घाबरली आहे. घर विकावे का, यावर भाऊ आणि मी भांडतो आहोत. मामा म्हणतात, गुळवेलीने प्रतिकारशक्ती वाढवा, तेच काम होईल. शेजाऱ्यांच्या ओळखीचे एक क्लिनिक दोन लाखांत 'स्टेम सेल'चे इंजेक्शन द्यायला तयार आहे. बाबांना आम्ही गाठींचा टीबी असल्याचे सांगितले आहे. ते अजून रोज रात्री घरखर्चाची वही लिहितात, त्यांचे मन मोडू नये असे आईला वाटते. काय करावे?"

ताई, बाबांपासून आजार लपवल्याची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी दोन ओळींत उरकली आहे, पण मला सुरुवात तिथूनच केली पाहिजे, कारण बाकीच्या साऱ्या प्रश्नांची उत्तरे तिच्यावर अवलंबून आहेत. केमोथेरपी एखाद्या रुग्णाला न सांगता देता येते, निदान आपल्याकडे अनेक कुटुंबे तसे करतात आणि आम्ही डॉक्टर मंडळीही त्याकडे काणाडोळा करतो. कार-टी उपचारात ते जमत नाही. संमतिपत्रावर बाबांनी स्वतः, वाचून आणि समजून सही करायची असते, हे एक झाले. त्याहून महत्त्वाचे असे की, पेशी शरीरात सोडल्यानंतरच्या दिवसांत परिचारिका रोज, कधी दिवसातून अनेकदा, कागद घेऊन खाटेजवळ उभी राहते आणि विचारते : हे वर्ष कोणते, महिना कोणता, आपण कोणत्या शहरात आहोत, कोणत्या रुग्णालयात आहोत? मग ती तीन वस्तू दाखवून त्यांची नावे विचारते, एखादी साधी सूचना पाळायला सांगते, शंभरापासून दहा-दहा कमी करत उलटे मोजायला लावते आणि शेवटी एक वाक्य लिहून घेते. या उपचारात मेंदूवर परिणाम होऊ लागला तर तो बहुधा इथे आधी दिसतो. आपण कोणत्या रुग्णालयात आहोत हेच ज्यांना कळू द्यायचे नाही, त्यांना हा प्रश्न कोण आणि कसा विचारणार?

रक्ताच्या आजारांची डॉक्टर म्हणून इंदुरात काम करीत असताना मी मुंबईला पाठवलेल्या एका रुग्णाचे असे कागद त्यांच्या मुलाने नंतर मला आणून दाखवले होते. रोज एकच वाक्य होते : "आज माझी तब्येत बरी आहे." पहिल्या पाच दिवसांचे अक्षर शाळामास्तरांसारखे सरळ होते. सहाव्या दिवशी शिरोरेषा उजवीकडे घसरली होती आणि "तब्येत" हा शब्द दोनदा आला होता. त्या संध्याकाळच्या कागदावर शिरोरेषाच नव्हती, नुसते काने आणि वेलांट्या होत्या. तोवर स्टेरॉइड सुरू झाले होते आणि नवव्या दिवशी तेच वाक्य पुन्हा एका ओळीत आले. त्या गृहस्थांनी घरून निघतानाच तिथल्या लोकांना सांगितले होते की मी मराठीत लिहीन, माझे रोजचे अक्षर असे असते. तुमचे बाबा रोज रात्री वही लिहितात हे वाचून मला हेच आठवले. ती वही मुंबईला बरोबर न्या. त्यांचे नेहमीचे अक्षर कसे असते, याचा तिच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही.

शिवाय ताई, नऊ केमो घेतलेल्या, केस गळलेल्या आणि हिशेब ठेवणाऱ्या माणसाला आपल्याला टीबी नाही हे कळले नसेल, असे मला वाटत नाही. बहुधा तेही तुमच्या आईला जपत असतील. त्यांना सांगताना सगळे एकदम सांगायची गरज नाही. "बाबा, आजार लिम्फोमा आहे, तो पुन्हा आला आहे, केमो पुरेशी पडली नाही, आणखी एक उपचार आहे, त्यासाठी तुमचे मत हवे आहे" एवढे म्हणून थांबा आणि ते काय विचारतात ते ऐका. आईंना एकटे वाटत असेल तर तुमच्या इथल्या डॉक्टरांना समोर बसवा.

आता उपचाराकडे वळू. मामांचे म्हणणे प्रेमाचे आहे, पण त्यात एक मूलभूत गल्लत आहे आणि ती बहुतेकांची होते. बाबांची प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून लिम्फोमा टिकला, असे नाही. त्यांच्या टी-पेशी, म्हणजे शत्रूला शोधून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, या कर्करोगाला शत्रू म्हणून ओळखत नाहीत, कारण तो त्यांच्याच शरीरातल्या बी-पेशींपासून, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींपासून, तयार झालेला आहे. तेव्हा प्रश्न जोराचा नसून ओळखीचा आहे. कार-टी उपचारात या टी-पेशी रक्तातून बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवे जनुक घालतात आणि त्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे खूण ओळखून पकडणारा रेणू, उगवतो. तो ग्राहक सीडी-१९ नावाच्या प्रथिनाला नेमका चिकटतो आणि हे प्रथिन बी-पेशींवर, म्हणून बाबांच्या लिम्फोमावरही, असते. चिकटताच टी-पेशी त्या पेशीला मारते आणि स्वतःची संख्या वाढवते. औषधाची गोळी पोटात गेल्यावर कमी-कमी होत जाते, हे औषध शरीरात गेल्यावर वाढते. त्याची ताकद त्यात आहे आणि धोकाही त्यातच आहे.

गुळवेलीबद्दल एवढेच सांगते की तिच्याशी संबंधित यकृतदाहाचे रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. ज्या माणसाचे यकृत पुढचा उपचार झेलण्यासाठी धडधाकट हवे आहे, त्याला हा काढा देऊ नये.

विषाणूबद्दल आईंनी जे ऐकले ते अर्धे खरे आहे. नवे जनुक पेशीत पोचवण्यासाठी बहुधा लेंटिव्हायरसचा वाहक वापरतात आणि तो मुळात एचआयव्हीच्याच कुळातील विषाणूपासून बनवलेला असतो. पण त्यातील रोग निर्माण करणारे आणि स्वतःची प्रत काढणारे भाग आधीच काढून टाकलेले असतात. पत्र पोचवून पोस्टमनने पुन्हा फिरकू नये, तसे त्याचे काम एकदाच होते आणि तेही शरीराबाहेर, प्रयोगशाळेत. बाबांना एचआयव्ही होणार नाही. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा : उपचारानंतर पुढे कधी बाबांची एचआयव्हीची जनुकीय पद्धतीची चाचणी झाली, तर या वाहकाच्या अवशेषांमुळे ती खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून कार-टी झाल्याचे कार्ड त्यांच्या पाकिटात कायम असावे.

हा उपचार किती जुना आणि किती भरवशाचा, असे तुमच्या भावाने विचारले आहे. २०१२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला तो दिला गेला. कार-टी मिळालेली ती पहिली लहान मुलगी. तिला इतका तीव्र ताप आणि दाह झाला की कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. तेव्हा तपासणीत इंटरल्युकिन-६ हे रसायन खूप वाढलेले आढळले आणि डॉक्टरांनी संधिवातावरचे टोसिलिझुमॅब हे औषध दिले. ती सावरली आणि तिचा ल्युकेमिया परतला नाही. आज बाबांना असा दाह झाला तर हेच औषध आधीपासून हाताशी तयार ठेवलेले असेल. अमेरिकेत २०१७ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली, तेव्हा त्याची किंमत ४,७५,००० डॉलर होती. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून स्वतःचा कार-टी विकसित केला. २०२१ च्या जूनमध्ये टाटा स्मारक केंद्राच्याच खारघरमधील ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात पहिल्या रुग्णाला तो दिला गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ या नावाने त्याला देशाच्या औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईला त्याचे लोकार्पण केले. बेंगळुरूच्या एका कंपनीचा क्वार्टेमी हा दुसरा भारतीय कार-टी जानेवारी २०२५ मध्ये आला. म्हणजे तुम्हाला परदेशाचे स्वप्न पाहावे लागत नाही, ही बाबांच्या नशिबातली चांगली गोष्ट आहे.

यशाचे आकडे मात्र नीट वाचावेत. नेक्सकार-१९ च्या भारतीय चाचणीत ज्यांचा परिणाम मोजता आला अशा ५१ रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांमध्ये आजार मागे हटला. पण आजार मागे हटणे आणि कायमचा जाणे यांत अंतर आहे आणि त्यांतील बऱ्याच जणांचा आजार काही महिन्यांत परतला. उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही झाले. बाबांसारख्याच लिम्फोमावर अमेरिकेत ॲक्सी-सेल या कार-टीची जी पहिली मोठी चाचणी झाली, तीत पाच वर्षांनी सुमारे ४३ टक्के रुग्ण जिवंत होते आणि हे असे रुग्ण होते की ज्यांच्यापुढे त्याआधी काही महिन्यांपलीकडचा विचार करता येत नसे. घरात बोलताना मी "निम्म्याहून थोडे कमी लोक दीर्घकाळ जगतात, बाकीच्यांचा आजार थांबत नाही किंवा परततो" असे सांगेन. यापेक्षा गोड सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि "काही उपयोग नाही" म्हणणाऱ्यावरही ठेवू नका.

पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती घराच्या वादाची. घर जाण्याची मला चिंता नाही असे नाही, पण या वादात तुमचे आठवडे जात आहेत. माझ्या हातून झालेली चूक सांगते. एका कुटुंबाला मी म्हटले होते, "पैशांची सोय करा, मग पंधरा दिवसांनी या, आपण मुंबईसाठी पत्र देऊ." ते बिचारे सव्वा महिन्याने, शेत गहाण टाकून, पैसे घेऊन आले. तोवर रुग्णाच्या मूत्रपिंडांवर गाठींचा दाब आला होता आणि त्यांना तो उपचार झेपणार नव्हता. आधी पत्र द्यायला हवे होते आणि पैशांचे नंतर बोलायला हवे होते, हे मला तेव्हा कळायला हवे होते. म्हणून तुम्हाला सांगते : घर विकायचे की नाही हे आज ठरवूच नका. आधी मुंबईची पहिली भेट घ्या. बाबा या उपचाराला पात्र आहेत की नाहीत हे त्यांचे हृदय, मूत्रपिंड, फुप्फुसे आणि गाठींचा वेग पाहून तिथले डॉक्टर सांगतील. त्रेसष्ट हे वय आड येत नाही. पात्र नसतील तर घर वाचेल, आणि असतील तर खर्चाचा लेखी अंदाज हातात येईल.

भारतीय कार-टीचा खर्च साधारण ३० ते ४० लाखांच्या घरात सांगितला जातो. त्यात रुग्णालयातील मुक्काम, अतिदक्षता विभाग लागल्यास तो, आणि नंतरची औषधे धरली आहेत का, हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा. बाबांची विमा पॉलिसी असेल तर तिच्यातील आधुनिक उपचारांचे कलम आणि त्यावरची मर्यादा वाचा आणि कंपनीकडून होकार किंवा नकार लेखीच घ्या. आयुष्मान कार्डाची मर्यादा वर्षाला पाच लाखांची आहे आणि उत्पन्नाची अट नसलेले कार्ड सत्तरी ओलांडलेल्यांना मिळते, म्हणून बाबांना त्या वाटेने फारसे मिळणार नाही. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि आपल्या मध्य प्रदेशातील मुख्यमंत्री स्वेच्छानुदान यांसाठी मात्र रुग्णालयाच्या अंदाजपत्रकासह अर्ज करा. ज्या रुग्णालयात जाल, तिथल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी बसा. सगळी रक्कम उभी राहिल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही, असा हट्ट भावाने धरू नये. आणि घर विकायची वेळ आलीच, तर तो निर्णय बाबांचाही आहे, कारण घर त्यांचे आहे.

दोन लाखांच्या "स्टेम सेल" इंजेक्शनबद्दल मी थोडक्यात आणि ठामपणे सांगते : ते घेऊ नका. त्या पेशींना लिम्फोमा ओळखण्याची कोणतीही शिकवण दिलेली नसते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात स्टेम सेल वापरतात हे खरे, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि ती रुग्णालयात, तीव्र केमोनंतर होते. क्लिनिकच्या खुर्चीवर बसवून नव्हे.

मुंबईला जाण्याआधी इथल्या डॉक्टरांशी दोन गोष्टी बोला. पहिली, मधल्या काळात आजार आवरण्यासाठी केमो द्यावी लागली तर बेंडामुस्टिन हे औषध शक्यतो टाळता येईल का, कारण ते टी-पेशींना बराच काळ दुबळे करते आणि पेशी गोळा करण्याच्या आधीच्या महिन्यांत ते दिले गेले तर कार-टीचे फळ कमी मिळते. स्टेरॉइडचेही तसेच, ते पेशी काढण्याच्या काही दिवस आधी थांबवावे लागते. दुसरी, पोटातल्या नव्या गाठींची बायोप्सी झाली आहे का? झाली नसेल तर ती करून गाठींवर सीडी-१९ आहे की नाही हे पाहावे लागेल.

पेशी काढण्याची प्रक्रिया दिसायला भीतिदायक असते, सोसायला तशी नसते. बाबा तीन-चार तास यंत्राशेजारी पडून राहतील, एका नळीने रक्त बाहेर जाईल, पांढऱ्या पेशी वेगळ्या होतील, बाकीचे रक्त परत येईल. मधेच ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्यासारखे वाटेल. रक्त गोठू नये म्हणून जे द्रव्य वापरतात ते कॅल्शियम धरून ठेवते, त्यामुळे असे होते. त्यांनी लाजून गप्प बसू नये, लगेच सांगावे, कॅल्शियम दिले की थांबते. मग पेशी तयार होईपर्यंत काही आठवडे वाट पाहावी लागते आणि माझ्या मते संपूर्ण उपचारातील सर्वांत कठीण काळ हाच असतो, कारण हातात काही नसते आणि आजार थांबलेला नसतो. पेशी आल्यावर तीन दिवसांची सौम्य केमो, आणि मग ज्या क्षणासाठी एवढी धावपळ केली तो अर्ध्या तासात संपतो. छोटी पिशवी, सलाइनसारखी. खोलीत लसणासारखा वास येईल. तो पेशी गोठवताना वापरलेल्या द्रव्याचा असतो, त्याने घाबरू नका.

त्यानंतर ताप येणे हे अपेक्षितच आहे. रक्तदाब उतरणे, श्वास कमी पडणे, बोलण्यात गोंधळ होणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळच्या फेरीची वाट पाहू नका. पहिला महिनाभर रुग्णालयाच्या जवळच राहायचे या हिशेबाने खोली घ्या, बाबांसाठी वेगळे न्हाणीघर असलेली, आणि एकाने अखंड बरोबर राहायचे. ते तुम्ही की भाऊ, हे आत्ताच ठरवा. तिथले डॉक्टर परवानगी देईपर्यंत बाबांनी स्कूटर चालवायची नाही.

इंदूरला परतल्यावरही पुष्कळ महिने काळजी घ्यावी लागेल, कारण कार-टी पेशी निरोगी बी-पेशींनाही मारतात, प्रतिपिंडे कमी होतात आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. काही रुग्णांना ठरावीक काळाने इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, द्यावे लागते. रक्त चढवायची वेळ आली तर ते विकिरण दिलेले असावे, हे इथल्या रक्तपेढीला आवर्जून सांगा. घाईत हे विसरले जाते. क्वचित काही रुग्णांत या बदललेल्या टी-पेशींशी संबंधित दुसरा कर्करोग झाल्याचे दिसल्यामुळे २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिथल्या सर्व कार-टी औषधांवर तसा इशारा छापायला लावला. बाबांच्या आजच्या आजाराचा धोका त्याहून फार मोठा आहे, म्हणून त्या भीतीने मागे हटू नये असे मी म्हणेन, पण आयुष्यभर तपासणी चालू ठेवावी लागेल, हे त्यांना माहीत असायला हवे.

आज रात्री बाबांशी बोला, वही लिहून झाल्यावर. उद्या सकाळी, जिथे बायोप्सी झाली त्या प्रयोगशाळेत अर्ज देऊन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या, नुसता अहवाल चालत नाही. पेट स्कॅनच्या तिन्ही सीडी आणि प्रत्येक केमोच्या तारखा व औषधांची नावे असलेला कागद बरोबर ठेवा, तो बाबांनाच लिहायला सांगा. ब्लॉक मिळायला काही ठिकाणी दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा मुंबईच्या अवंतिका एक्सप्रेसचे तिकीट त्या हिशेबाने काढा.